लावान्देराला कुणी हरकत घेतली नाही

स्पॅनिश शिकवणारं कुठलंही पुस्तक घ्या, नाव-गाव-वय उरकलं की लगेच माणसं कामाला लागतात. पानभर चित्रं असतात: कुणाच्या गळ्यात स्टेथोस्कोप, कुणाच्या डोक्यावर आचाऱ्याची उंच टोपी, कुणाच्या हातात पाना. खाली दोन रकाने. एकात ओकारान्त पुरुष, दुसऱ्यात आकारान्त बायका. कोसिनेरो म्हणजे स्वयंपाकी, कोसिनेरा म्हणजे स्वयंपाकीणबाई. आबोगादो वकील, आबोगादा वकीलबाई. मी हा धडा बरीच वर्षं शिकवते आहे आणि मराठी मुलांना तो डाव्या हातचा मळ वाटतो. टेबल 'ते' आणि खुर्ची 'ती' हे ज्यांनी पाठ न करता पचवलेलं आहे, त्यांना स्पॅनिशची दोनच लिंगं म्हणजे सूटच. 'सोय प्रोफेसोरा' म्हणताना मध्ये 'एक' घालायचं नसतं, हेही त्यांना सांगावं लागत नाही. 'मी एक शिक्षिका आहे' असं मराठीतसुद्धा माणूस फक्त भाषणातच म्हणतो.

मजा येते ती रकान्यांत न बसणाऱ्या शब्दांची. देन्तिस्ता, पेरिओदिस्ता, ताक्सिस्ता, एलेक्त्रिसिस्ता. शेवटी 'आ' आहे, पण शब्द दोघांचाही. आधी 'एल' आला की दंतवैद्य पुरुष, 'ला' आला की बाई. हे आपल्या अगदी ओळखीचं आहे. 'डॉक्टर आले' आणि 'डॉक्टर आल्या' यात डॉक्टर जागचे हलत नाहीत, क्रियापदच काय ते सांगून टाकतं. नावाच्या शेवटी 'आ' असल्यानं आजवर कुठल्या स्पॅनिश टॅक्सीवाल्याची मिशी खाली आलेली नाही. 'मला पेरिओदिस्तो म्हणा' असा हट्ट कुणा पत्रकारानं धरलेला नाही.

अपवाद एकच. मोदिस्ता म्हणजे कपडे बेतणारी, शिवणारी बाई. गल्लीत एखादी असायचीच. लग्नाचा पोशाख तिच्याकडे, मुलीचा फ्रॉक तिच्याकडे. नियमानं तेच काम करणारा पुरुषही 'एल मोदिस्ता' व्हायला हवा होता. तसं झालं नाही. पुरुष या धंद्यात वरच्या दारानं शिरले, उंची पोशाखांच्या पेढ्या काढल्या, आणि त्यांच्यासाठी व्याकरण मोडून मोदिस्तो हा शब्द घडला. आता तो कोशातही आहे. क्रिस्तोबाल बालेन्सिआगा 1895 साली गेतारिआ नावाच्या बास्क कोळीगावात जन्मला. बाप दर्यावर जाणारा, आई शिवणकाम करून घर चालवणारी. त्यानं पहिली सुई धरली ती आईच्या शेजारी बसून. पुढे 1937 साली त्यानं पॅरिसमध्ये पेढी उघडली आणि जगानं त्याला मोदिस्तो म्हणून डोक्यावर घेतलं. आई मात्र कायमची कोस्तुरेरा, म्हणजे शिवणारी. एकाच घरातली, एकाच सुईची ही दोन नावं मी वर्गात फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिते.

बाईचं रूप म्हणजे त्या कामाची बाई, असं पुस्तक सांगतं. स्पॅनिश कोशानं मात्र पिढ्यान्‌पिढ्या दुसरंच सांगितलं. अल्काल्दे म्हणजे नगराध्यक्ष, अल्काल्देसा म्हणजे? नगराध्यक्षाची बायको. हेनेराल म्हणजे सेनापती, हेनेराला त्याची बायको. हुएस म्हणजे न्यायाधीश, हुएसा त्याची बायको. एकोणिसाव्या शतकातली 'ला रेहेन्ता' ही स्पॅनिशमधली थोर कादंबरी. तिच्या नावाचा अर्थ न्यायालयाची प्रमुख बाई असा नाही. नायिकेचा नवरा कधीकाळी त्या पदावर होता, म्हणून ती रेहेन्ता. पद नवऱ्याचं, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बायको.

यात मराठी वाचकाला नवल वाटायचं कारण नाही. पाटलीणबाईंनी पाटीलकी केली म्हणून त्या पाटलीण झाल्या नाहीत. वकिलीणबाई कोर्टाची पायरी न चढता वकिलीण होत्या. डॉक्टरीणबाई म्हटल्यावर अजूनही जुन्या गावात विचारावं लागतं, स्वतः तपासतात की डॉक्टरांच्या मंडळी? आणि तरीही मराठीत कोळीण आणि कासारीण या नुसत्या बायको म्हणून कधीच बसल्या नाहीत. एक टोपली घेऊन बाजारात, दुसरी बांगड्यांची चळत घेऊन दारात. वरच्या घरात नवऱ्याचं पद बायकोला चिकटतं, खालच्या घरात बायकोचं स्वतःचं काम असतं. स्पेनमध्ये अगदी हेच झालं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सांगायचंय ते एवढंच.

लावान्देरा म्हणजे नदीवर किंवा सार्वजनिक हौदावर दुसऱ्यांचे कपडे धुणारी. क्रिआदा म्हणजे घरातली मोलकरीण. कोस्तुरेरा, पार्तेरा म्हणजे सुईण, सिगार्रेरा म्हणजे सेव्हिलच्या सरकारी तंबाखू कारखान्यात विड्या वळणारी. हजारो बायका त्या कारखान्यात बसत. आज त्या इमारतीत विद्यापीठ भरतं. या शब्दांना 'आ' लागताना कुणी समिती नेमली नाही, कुणी अग्रलेख लिहिला नाही, कुणाच्या कानाला खटकलं नाही. खटकायला लागलं ते हुएसा, मेदिका म्हणजे डॉक्टरबाई, मिनिस्त्रा म्हणजे मंत्रीबाई, या शब्दांपासून. कपडे धुणारीचा 'आ' गोड, निकाल देणारीचा कर्कश.

कर्कश वाटण्याला कारणं हुशारीची दिली जातात. एक नेहमीचं असं: मुसिको म्हणजे वादक, पण वादक बाईला मुसिका म्हटलं तर तो शब्द संगीताचा आहे. किमिका म्हटलं तर ते रसायनशास्त्र. गोंधळ होईल हो! अहो, फ्रुतेरो हा फळविक्याही आहे आणि टेबलावरचं फळांचं भांडंही. बासुरेरो कचरा नेणारा माणूसही आहे आणि कचरा टाकायची जागाही. आजवर कुणी फळवाल्याच्या डोक्यावर सफरचंदं रचली नाहीत. पुरुषाच्या शब्दाला दोन अर्थ असले तर संदर्भानं समजतं, बाईच्या शब्दाला असले तर भाषा संकटात सापडते.

भाषेची राखण करायला माद्रिदमध्ये 1713 पासून रॉयल अकादमी आहे. शब्द स्वच्छ करायचा, पक्का करायचा आणि त्याला झळाळी द्यायची, असं तिचं ब्रीद. अठराव्या शतकातलं एक मानाचं सदस्यत्व सोडलं तर तिथल्या खुर्चीवर पहिली बाई, कवयित्री कार्मेन कोंदे, निवडून आली ती 1978 साली. एमिलिया पार्दो बासानसारख्या दांडग्या लेखिकेला तिथून एकदा नाही, तीनदा परत पाठवण्यात आलं. मारिआ मोलिनेर या ग्रंथपाल बाईंनी नोकरी आणि घर सांभाळून, जेवणाच्या टेबलावर कार्डं पसरून, पंधराएक वर्षं खपून शब्दांच्या वापराचा दोन खंडी कोश केला. तो 1966-67 मध्ये निघाला आणि आजही भाषांतरकारांच्या हाताशी असतो. 1972 मध्ये त्यांचं नाव अकादमीसाठी सुचवलं गेलं. निवड दुसऱ्याची झाली. पंधरा वर्षं एकटीनं शब्द निवडणारी बाई शब्द निवडणाऱ्या मंडळींना चालली नाही. यावर मी वेगळं काही म्हणत नाही.

नुसतं अकादमीला धोपटण्यात मात्र अर्थ नाही. फ्रँकोच्या राजवटीत स्पेनमध्ये 1961 साली कायदा झाला, बायकांना बहुतेक व्यवसाय मोकळे केले गेले, पण न्यायाधीशाची खुर्ची त्यातून वगळली. ती मोकळी झाली 1966 मध्ये. विवाहितेला करार करायला, बँकेत खातं उघडायला नवऱ्याची परवानगी लागे. ती अट गेली 1975 मध्ये. म्हणजे हुएसा शब्दाचा अर्थ 'न्यायाधीशाची बायको' हा कोशकारांचा खट्याळपणा नव्हता. दुसऱ्या प्रकारची हुएसा देशात कायद्यानंच नव्हती.

आज स्पेनमधल्या न्यायाधीशांत निम्म्याहून जास्त बायका आहेत, आणि गंमत अशी की त्यातल्या बऱ्याच जणींना 'ला हुएसा'पेक्षा 'ला हुएस' म्हणवून घेणं आवडतं. दोन्ही रूपं शुद्ध. पहिल्यांदा ऐकल्यावर माझ्या विद्यार्थिनी चिडतात. मला त्या न्यायाधीशबाईंचं म्हणणं कळतं. स्पॅनिशमध्ये 'आ' लागला की शब्द बऱ्याचदा एक मजला खाली उतरतो. सेक्रेतारिओ म्हटलं की राज्याचा सचिव डोळ्यापुढे येतो, सेक्रेतारिआ म्हटलं की टेलिफोन घेणारी. आसिस्तेन्ते म्हणजे सहायक, आसिस्तेन्ता म्हणजे धुण्या-पुसण्याला येणारी बाई. गोबेर्नान्ते म्हणजे राज्यकर्ता; गोबेर्नान्ता म्हणजे हॉटेलात चादरी-टॉवेलांचा हिशेब ठेवणारी मुख्य बाई. सार्हेन्ता म्हटलं तर सैन्यातली बाई आठवत नाही, घरात सगळ्यांना धाकात ठेवणारी आठवते. हे सगळं अंगावर घेण्यापेक्षा पुरुषाचाच शब्द कोट चढवावा तसा चढवलेला बरा, असं एखादीला वाटलं तर तिला नावं कशी ठेवणार? 2019 मध्ये पात्रिसिआ ओर्तेगा स्पॅनिश सैन्यातल्या पहिल्या महिला जनरल झाल्या. त्याही 'ला हेनेराल'. हेनेराला कोण होती ते वर आलंच आहे.

शब्द मजले कसे उतरतात हे बघायचं तर कामारेरा पाहावा. कामारा म्हणजे खोली, दालन. स्पेनच्या दरबारात राणीची कामारेरा मायोर असे: राणीच्या महालातलं बाईला मिळू शकेल असं सगळ्यात मोठं पद, सरदार घराण्यातल्या विधवांकडे वगैरे जाणारं. आज कामारेरा म्हणजे बारमध्ये कॉफी आणून देणारी, किंवा 'दे पीसो' जोडलं की हॉटेलातल्या खोल्या आवरणारी. आसाफाताचं तेच. आसाफाते हे अरबीतून आलेलं तबकाचं नाव. राणीचे दागिने-कपडे त्या तबकात घेऊन सकाळी उभी राहायची ती आसाफाता. शब्द अडगळीत पडला होता. 1946 मध्ये इबेरिआ विमान कंपनीनं माद्रिद ते ब्वेनोस आइरेस मार्गावर बायका नेमल्या तेव्हा त्याला धूळ झटकून बाहेर काढलं. तबक राहिलं, राणीच्या जागी प्रवासी आले. लॅटिन अमेरिकेनं हा दरबारी शब्द न घेता सरळ आएरोमोसा केला, म्हणजे हवेतली पोरगी. तिकडे अशी वेगळी नावं पुष्कळ. हॉटेलातल्या वेटरला मेक्सिकोत मेसेरो म्हणतात, अर्जेंटिनात मोसो, चिलेत गार्सोन. यादी सांगत बसले तर लेख तिथेच संपेल.

खोल्या आवरणाऱ्या बायकांकडे परत येते, कारण त्यांनी स्वतःचं नाव स्वतः केलं. आपण हॉटेलात उतरतो तेव्हा त्यांची फक्त ढकलगाडी दिसते, बोळात उभी, वर साबणाच्या वड्या आणि घड्या घातलेले टॉवेल. पलंगाची जड गादी एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं चादरीचं टोक खाली सारायचं, मग वाकून न्हाणीघर, मग पुढची खोली. पाळी संपेपर्यंत हेच. मनगटं आणि कंबर जातात. 2012 च्या कामगार कायद्यातल्या बदलांनंतर अनेक हॉटेलांनी हे काम ठेकेदार कंपन्यांकडे दिलं आणि पगार उतरले. या बायका आधी समाजमाध्यमांवर एकत्र आल्या, मग त्यांनी संघटना केली: लास केलीस. 'लास के लिम्पिआन', म्हणजे 'ज्या साफ करतात', यातली दोन-तीन अक्षरं उचलून केली केली. कानाला एखाद्या परदेशी मुलीचं नाव वाटावं असं. 2018 मध्ये त्यांच्या प्रतिनिधींना पंतप्रधान राहोय यांनी भेटीला बोलावलं. कामारेरा दे पीसो या नावानं ते दार उघडलं असतं की नाही, देव जाणे.

उलट दिशेनं, म्हणजे बायकांच्या कामात पुरुष आले की काय होतं? पटापट नावं बदलतात. विमानात पुरुष आले, आसाफाता मागे पडून 'आउक्सिलिआर दे वुएलो' आला, उड्डाण-सहायक. दवाखान्यात एन्फेर्मेरा होत्या, आणि घरोघर सुई टोचायला जाणारे प्राक्तिकान्ते नावाचे पुरुष होते. 1953 मध्ये सरकारनं त्यांचं शिक्षण एकत्र केलं आणि नवं नाव दिलं: आयुदान्ते तेक्निको सानितारिओ, आरोग्य-तंत्र-सहायक. थोडक्यात आ-ते-एसे. एन्फेर्मेरो हा सरळसाधा, व्याकरणात बसणारा शब्द समोर असताना पुरुषांना आणि त्यांच्याबरोबर बायकांनाही हे तीन डब्यांचं आडनाव लावलं. काम बहुतांश बायकांचं, नाव ओकारान्त. 1977 मध्ये शिक्षण विद्यापीठात गेलं तेव्हा 'एन्फेर्मेरिआ' हा शब्द परत आला. वयस्कर स्पॅनिश लोक अजूनही नर्सला आ-ते-एसे म्हणताना ऐकू येतात.

आणि नावच नसलेलं काम? त्यालाही नाव होतं. स्पेनच्या जुन्या ओळखपत्रावर व्यवसायाचा एक रकाना असे. घर सांभाळणाऱ्या बाईच्या पुढे लिहीत 'सुस लाबोरेस', म्हणजे 'तिची कामं'. कुठली ते नाही. स्वयंपाक, मुलं, सासू, शेत, कोंबड्या, मोलानं घेतलेलं शिवण, सगळं त्या दोन शब्दांत. जागा कमी असली की नुसतं एसे-एले. हीच अक्षरं स्पेनमध्ये खाजगी मर्यादित कंपनीच्या नावापुढेही लागतात, तेव्हा कागदावर लाखो बायका एकेक कंपनी होत्या म्हणायला हरकत नाही. नफावाटपाचं विचारू नका.

गलिसिआच्या किनाऱ्यावर या 'तिच्या कामां'त शिंपल्या गोळा करणंही होतं. तिथल्या खाड्यांना रिआ म्हणतात. ओहोटी लागली की गुडघ्याच्या वर येणारे रबरी बूट घालून बायका चिखलात उतरतात, लांब दांड्याच्या दाताळ्यानं वाळू ओढतात, वर आलेली शिंपली मापाच्या कडीतून जाते का बघतात. गेली तर लहान, परत पाण्यात. रत्नागिरी-मालवणकडे तिसऱ्या काढणाऱ्या बायका पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको: तेच वाकणं, तेच पाण्याकडे एक डोळा ठेवणं. या मारिस्कादोरा. होडीतून काढणारे बहुधा पुरुष, चिखलात चालत काढणाऱ्या बहुधा बायका. कित्येक वर्षं हे घराला 'मदत' म्हणून चाललं. 1990 च्या दशकात गलिसिआच्या सरकारनं परवाने पक्के केले. परवाना हवा तर सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरायचा, हप्ता भरला की म्हातारपणी स्वतःच्या नावावर पेन्शन. त्या परवान्याला पेर्मेक्स म्हणतात. मारिस्कादोरा हा शब्द आधीही होता, 'आ'सकट, बिनतक्रार. पण तो व्यवसायाच्या रकान्यात गेला पेर्मेक्समुळे. माझं मत विचाराल तर अकादमीच्या सगळ्या वादांपेक्षा हा एक कागद वजनदार आहे.

तरी वरच्या पदांच्या 'आ'चं मोल मी कमी मानत नाही. 1 ऑक्टोबर 2024 ला क्लाउदिआ शेइनबाउम मेक्सिकोच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. पहिल्याच भाषणात त्यांनी सांगितलं, मला प्रेसिदेन्ता म्हणा, शेवटी 'आ' लावून. आणि त्याच दमात वकील, डॉक्टर, इंजिनिअर, अग्निशामक, सैनिक अशा सगळ्यांचे 'आ' मोजून दाखवले. टीकाकार म्हणाले, हा नवा खुळा शब्द कुठून आणला? प्रेसिदेन्ता अकादमीच्या कोशात 1803 पासून आहे. सैनिकाचा मात्र वेगळाच घोळ: सोल्दादा हा शब्द जुना आहे, पण त्याचा अर्थ सैनिकाचा पगार. बंदूक हाती नसताना पगार आधीच स्त्रीलिंगी होता. आपल्याकडे 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा 'पती'वरून बरेच विनोद झाले, पण मराठीनं फार कष्ट न घेता 'राष्ट्रपती आल्या' म्हणून टाकलं. मेक्सिकोच्या भाषेला ती सोय नाही. स्पॅनिश क्रियापद बाई आली की बुवा आला ते सांगत नाही. जे सांगायचं ते नामाच्या शेपटीवर किंवा त्याच्या आधीच्या 'एल-ला'वर. म्हणून तिथे एका अक्षरासाठी एवढी हातघाई.

मुली विचारतात, परीक्षेत हुएस लिहू की हुएसा? कुठलंही, पण आधीचा 'ला' विसरू नका. मुलगे विचारतात, आमचा असा अडलेला शब्द नाही का? आहे की. स्पेनमध्ये बाळंतपणं करणारे परिचारक पुरुषही असतात. सुईणीला मात्रोनाही म्हणतात; त्यावरून या पुरुषांसाठी मात्रोन हा शब्द अकादमीनं कोशात घेतलेला आहे. पण त्यांच्या विशेष शिक्षणाचं सरकारी नाव लांबलचक आहे आणि त्याच्यापुढे कंसात, बाई असो की बुवा, 'मात्रोना' असंच लिहिलेलं असतं. काही पुरुष विचारल्यावर 'सोय मात्रोना' म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. मराठीत सुईणीला पुल्लिंग नाही. तिच्या कामाला पुरुष आलाच, तर आपण त्याला डॉक्टर म्हणून मोकळे होतो.